मारुती ८००चा रेडिएटर फॅन फिरत नाही: मोटर विकत घेण्याआधी काय तपासायचं आणि मग कशी बदलायची

गाडी हायवेला ठणठणीत चालते, पण सिग्नलला थांबली किंवा घाटातल्या ट्रॅफिकमध्ये अडकली की तापमानाचा काटा चढायला लागतो. असं होत असेल तर आधी फॅन बघा. गाडी पळत असताना समोरचा वारा रेडिएटर थंड ठेवतो, उभ्या गाडीत ते काम एकट्या फॅनचं असतं. काटा हायवेलाच चढत असेल तर मात्र रेडिएटर चोक झालाय का, थर्मोस्टॅट अडकलाय का, वॉटर पंप चालतोय का हे तपासावं लागतं. फॅन बंद असलेली गाडी ‘घरापर्यंत पोचेल’ म्हणून रेटू नका. या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. ते वाकलं की गॅस्केट जाते आणि खर्च फॅनच्या कितीतरी पट होतो.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर रेडिएटरची कॅप उघडा आणि सगळ्यात आधी पाण्याची पातळी बघा. पाणी कमी असेल तर थर्मोस्विच, म्हणजे पाणी तापल्यावर फॅन चालू करणारा स्विच, हवेत लटकतो, त्याला उष्णता कळतच नाही आणि चांगला फॅनही चालू होत नाही. कित्येक मोटरी अशाच विनाकारण बदलल्या जातात.

यानंतर एकाच चाचणीने दोषाचा शोध अर्ध्यावर येतो. मोटरचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढा. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून १५ अँपिअरचा फ्यूज लावलेली एक वायर आणि निगेटिव्हवरून दुसरी वायर थेट मोटरला द्या. मूळ वायरिंगमधली पॉझिटिव्ह-निगेटिव्हची बाजू आधी बघून ठेवा. बोटं, ओढणी, बाही पात्यांपासून दूर. फॅन जोरात फिरला तर मोटर चांगली आहे, दोष मागच्या वायरिंगमध्ये आहे. नाही फिरला तर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने मोटरच्या बॉडीवर हलकेच ठोका. ठोकल्यावर फिरला म्हणजे मोटरच्या आतले कार्बन (करंट देणारे ब्रश) संपत आलेत. पातं हाताने फिरवतानाच जड लागत असेल तर बुश (शाफ्ट ज्यांत फिरतो त्या कड्या) कोरडे पडलेत किंवा गंज धरलाय.

मोटर चांगली निघाली तर फ्यूज काढून मल्टिमीटरनेच तपासा. वरून अखंड दिसणारा फ्यूजही पायाशी तुटलेला असतो. कपलरच्या पिना हिरवट किंवा जळकट असतील तर नुसतं पुसून भागत नाही, नवा कपलर लावा. अर्थिंगसाठी फॅन चालू असताना मोटरची अर्थ वायर आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आले तर बॉडीवरचा अर्थचा बोल्ट काढा, रंग आणि गंज घासून चकचकीत करा, पुन्हा आवळा.

कार्बोरेटरच्या गाडीत फॅन थर्मोस्विचवर चालतो. स्विचच्या दोन वायरी असतील तर कपलर काढून त्या एकमेकींना जोडा आणि इग्निशन ऑन करा. फॅन फिरला तर स्विच गेलाय. खात्री करायची असेल तर स्विच काढून त्याचं टोक पाण्यात बुडवा, पाणी तापवा आणि थर्मामीटर शेजारी ठेवून मल्टिमीटरवर कंटिन्युइटी (सर्किट जोडलं जातंय का) बघा. छापलेल्या तापमानाच्या आसपास तो जोडला जायला हवा आणि काही अंशांनी थंड झाल्यावर सुटायला हवा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: पाणी मुंबईत १०० अंशांना उकळतं, पुण्यात साधारण ९८ला. स्विचचा आकडा त्याच्या जवळ असेल तर चांगला स्विचही खराब वाटेल. अशा वेळी पाण्यात निम्मं कुलंट घाला. कुलंट विषारी आहे, ते भांडं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. इंजेक्शनच्या, म्हणजे एमपीएफआय गाडीत फॅनचा हुकूम ईसीएमकडून (इंजिनाच्या कॉम्प्युटरकडून) रिलेला (छोट्या करंटवर मोठा करंट चालू करणाऱ्या स्विचला) जातो, तिथे आधी रिले बदलून बघा. ईसीएमकडे जाणाऱ्या वायरी उगाच शॉर्ट करू नका.

मोटर गेली असेल तर बॅटरीचा निगेटिव्ह काढा, कपलर सोडवा, शीटचे (फॅनभोवतीच्या चौकटीचे) १० नंबर पान्याचे बोल्ट काढा आणि शीट, मोटर, पातं असं सगळं एकत्र वर उचला. त्याआधी पातं आणि रेडिएटरची जाळी यांच्यामध्ये पुठ्ठा सरकवा, नाहीतर निघताना पात्याची कड जाळीवर घासते आणि नवीन गळती सुरू होते. पात्याचा नट सोडवताना जोर लावण्याआधी आटा कुठल्या बाजूचा आहे ते बघा. काही मोटरींचा उलटा असतो.

मोटर उघडता येत असेल तर दुरुस्ती करण्यासारखी असते. रिवाइंडिंगवाल्याकडे जुना कार्बन नमुना म्हणून न्या. रुंदी आणि जाडी तंतोतंत हवी, नाहीतर तो होल्डरमध्ये अडकतो. कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा भाग) झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने गोल फिरवून साफ करा, पट्ट्यांमधल्या खाचांतला कार्बनचा भुगा सुईने काढा. बुशला मशीन ऑइलचे दोन-तीन थेंबच द्या. जास्त तेल कार्बनवर जातं. आर्मेचर (मोटरचा आत फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग) काळं पडून जळका वास येत असेल तर वेळ घालवू नका, नवी मोटर घ्या.

बसवताना पातं तडकलेलं नाही ना बघा. तडकलेलं पातं नव्या मोटरचे बुश खातं. शीट आणि पात्यातली फट सगळीकडे सारखी ठेवा. वायरी जोडल्यावर वाऱ्याची दिशा तपासा, कारण पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलट झालं तरी फॅन फिरतोच, फक्त वारा उलटा फेकतो. फॅन चालू असताना रेडिएटरच्या पुढच्या बाजूला वर्तमानपत्राचा तुकडा धरा. तो जाळीला चिकटला तर दिशा बरोबर. उडून दूर गेला तर वायरींची अदलाबदल करा.

डॅशबोर्डवर बटण लावून फॅन ‘डायरेक्ट’ करून देतात, ते टाळा. बटण चालू करायला विसरलात की इंजिन तापतं, आणि फ्यूजशिवायची वायर पेटते. ज्या गाडीत सगळा करंट स्विचमधूनच जातो, तिथे १२ व्होल्ट ३० अँपिअरचा चार पिनांचा रिले लावा: ३०वर बॅटरीची फ्यूजमधून आलेली वायर, ८७वर मोटर, ८६वर इग्निशनची लाइन, ८५ थर्मोस्विचमधून अर्थला. मोठ्या करंटच्या वायरी २.५ स्क्वेअर एमएमच्या घ्या. मग स्विचवर फक्त रिलेच्या कॉइलचा भार येतो आणि त्याचे कॉन्टॅक्ट लवकर जळत नाहीत.

शेवटी निम्मं कुलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी भरा. कॅप उघडी ठेवून इंजिन आयडलवर चालवा, बुडबुडे थांबेपर्यंत हवा निघू द्या आणि पाणी तापायच्या आत कॅप लावा. फॅन आपोआप चालू होऊन बंद होण्याचे दोन फेरे बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी, गार इंजिनवर, पातळी पुन्हा बघून कमी असेल तेवढी भरा.