बाळाचे नाव: व्यवहारी ठेवावे की हौशी, हे कसे ठरवावे

कोकणात बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, पण त्याआधी घरात बरीच चर्चा झडलेली असते. मुंबईला राहणाऱ्या आईवडिलांना कुणीच न ठेवलेले नाव हवे असते, तर गावच्या आजीला जिभेवर सहज बसणारे. माझ्या मते हौस जरूर करावी, मात्र जन्मदाखल्यावर जाणारे नाव आधी कसोटीला लावावे.

प्रथम कच्ची यादी करावी. नावरस अक्षर, म्हणजे जन्मनक्षत्राच्या चरणावरून येणारे नावाचे पहिले अक्षर, पाळायचे असेल, तर ते आधी विचारून घ्यावे. सत्तावीस नक्षत्रांच्या प्रत्येकी चार चरणांना मिळून १०८ अक्षरे असतात, आणि आर्द्रा किंवा हस्त नक्षत्राच्या एखाद्या चरणाला ‘ङ’ किंवा ‘ण’ येते, ज्यावरून नावच सुरू होत नाही. अशा वेळी पत्रिकेपुरते जन्मनाव वेगळे ठेवून व्यवहारातले नाव मोकळेपणाने निवडावे.

मग यादीतले प्रत्येक नाव मोठ्याने हाक मारून पाहावे. पडवीतून ‘गो अबोली’ अशी हाक दिली, की शेवटची ‘ई’ हवी तेवढी लांबवता येते आणि नाव पार माडांच्या बागेपर्यंत पोहोचते. ‘ऋत्विज’ मात्र जोडाक्षरापाशीच अडखळते, आणि आठवड्याभरात त्याचे काहीतरी भलतेच लघुरूप रूढ होते. फुलांची आणि नद्यांची नावे आपल्याकडे भरपूर आहेत, पण तीही पारखूनच घ्यावीत. ‘सुरंगी’ गोड वाटते. ‘सावित्री’ ही महाबळेश्वरला उगम पावून बाणकोटजवळ समुद्राला मिळणारी नदीही आहे आणि पणजीच्या पिढीचे नावही, म्हणून दोन्ही पक्षांना पटते. ‘जगबुडी’ ही खेडची नदी आपल्याला कितीही प्रिय असली, तरी तो अर्थ मुलीच्या माथी जन्मभर मारू नये.

यानंतर पूर्ण नाव कागदावर लिहून पाहावे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या शासकीय कागदपत्रांवर बाळाचे, आईचे, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आहे. पुढे ‘वेंगुर्लेकर’सारखे आडनाव येणार असेल, तर बाळाचे नाव आटोपशीर असलेले बरे. इंग्रजी स्पेलिंगही तेव्हाच ठरवावे. तिथे ‘ळ’साठी वेगळे अक्षर नसल्याने ‘बकुळ’चे ‘बकुल’ होते, हे चालणार असेल तरच ते नाव घ्यावे, आणि ठरलेले स्पेलिंग जन्मदाखला, आधार व शाळा अशा सर्व ठिकाणी एकच ठेवावे.

एवढे करूनही एकमत होत नसेल, तर हौशीचे नाव घरात हाकेला ठेवावे आणि सुटसुटीत नाव दाखल्यावर घालावे. यासाठी घाई करण्याचे कारण नाही. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावी लागते, परंतु ती नावाविनाही होते, आणि नोंदणीपासून बारा महिन्यांपर्यंत नाव शुल्काशिवाय घालता येते.