डिलिव्हरीला स्वतःचा माणूस की कुरियर? या चुका टाळा

धंदा जरा चालू लागला की प्रश्न येतोच: डिलिव्हरीला पगारी माणूस ठेवायचा की माल कुरियरच्या हवाली करायचा? बहुतेक जण नुसता पगार बघून ठरवतात आणि गणित तिथेच फसतं.

समजा, दादरचं फराळाचं दुकान आहे. डिलिव्हरीच्या माणसाला १८,००० रुपये पगार, वर पेट्रोल, मोबाइल, गाडीची डागडुजी धरून ६,०००. महिन्याचे २६ दिवस रोज १२ पार्सलं पोचली, तर एक पार्सल सुमारे ७७ रुपयांना पडतं. पितृपक्षात तीच रोजची ५ झाली की आकडा १८५ वर जातो. पगार काही कमी होत नाही! शिवाय तो गावी गेला की काय, हे कोणी आधी ठरवलेलं नसतं. बाइक त्याची स्वतःची, पांढऱ्या पाटीची असेल तर विम्याचे कागद वाचा. खासगी वापराच्या पॉलिसीवर धंद्याच्या फेरीत अपघात झाला, तर कंपनी क्लेम नाकारू शकते.

मग कुरियर स्वस्त? दरपत्रकावरचा अर्ध्या किलोचा भाव बघून हुरळू नका. चकली-चिवडा वजनाला हलके, पण जागा खातात. बऱ्याच कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि हे वजन किंवा काट्यावरचं, जे जास्त त्याचे पैसे लावतात. ३० × २५ × २० चा खोका म्हणजे ३ किलो. आत फराळ जेमतेम सव्वा किलो! चकली तुटू नये म्हणून आपण मोठा खोका घेतो, वर्तमानपत्रं कोंबतो आणि हवेचं भाडं भरतो. तोच माल २५ × २० × १२ मध्ये बसवला तर मापाचं वजन १.२ किलोवर येतं आणि पैसे काट्यावरच्या वजनाचेच लागतात. पॅक केलेल्या खोक्याचा काट्यावरचा आणि मोजपट्टी लावलेला फोटो ठेवा. जास्त वजन लावलं तर तक्रारीला मुदत थोडी असते, तेव्हा बिल दर आठवड्याला तपासा.

'मुंबईत कुठेही घरपोच' लिहिण्याआधी पिनकोड बघा. ठाणे, नवी मुंबईचे बरेचसे पिन ४०० चेच, पण कल्याण-डोंबिवली ४२१ आणि वसई-विरार ४०१. गिऱ्हाइकाच्या लेखी सगळी मुंबईच. कुरियरच्या दरात तसं असेलच असं नाही. आपला माणूस एका डब्यासाठी विरारला धाडला तर त्याचा अर्धा दिवस गेलाच. माझ्या मते माहीम, प्रभादेवी, परळ आपल्याकडे ठेवावं, लांबचं कुरियरला द्यावं आणि तातडीच्या मालाला ॲपवरून बाइकवाला बोलवावा. उकडीचे मोदक कुरियरने पाठवणाऱ्याला तर काय म्हणावं!

ॲपवर 'डिलिव्हर्ड' दिसतंय आणि गिऱ्हाईक म्हणतंय मिळालं नाही? भांडण्याआधी वॉचमनच्या केबिनमध्ये विचारायला सांगा. 'ग्राहक उपलब्ध नाही' असा शेरा वारंवार येत असेल तर पत्त्यात विंग, मजला आणि ईस्ट-वेस्ट आहे का बघा.

कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल परत आलं तर येण्याचं भाडंही बहुधा आपल्याच माथी, म्हणून माल निघण्याआधी एक फोन कराच. आणि जमा झालेली रोकड कुरियरवाला किती दिवसांनी खात्यात टाकतो, हे करार करतानाच विचारून घ्या. दिवाळीत तूप-बेसनवाला तितके दिवस थांबत नाही.