संघमालकावरचा राग कुठे आणि कसा खर्चावा : ओकलंडच्या चाहत्यांकडून घेण्याजोगे धडे

आपला बेसबॉल संघ वर्षानुवर्षे हरत असेल, तर आधी दोष नेमका कोणाचा आहे हे ठरवावे. कारण राग भलत्याच माणसावर निघाला की खरा जबाबदार माणूस निर्धास्त राहतो. कोणाला फेकीला उतरवायचे आणि फलंदाजीचा क्रम कसा ठेवायचा, हे मॅनेजर ठरवतो. खेळाडू आणणे, देऊन टाकणे आणि त्यांच्याशी करार करणे हे जनरल मॅनेजरचे काम असते, आणि या दोघांच्या हाती किती पैसा द्यायचा हे मालक ठरवतो. स्टेडियममधली आरडाओरड बहुतेक वेळा पहिल्याच्या वाट्याला येते, आणि त्याच्याच हातात सर्वांत कमी असते. उदाहरण म्हणून अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधला, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा संघ घ्यावा; मालकाने पुढे तो शहराबाहेरच हलवला. ओकलंड अ‍ॅथलेटिक्स, म्हणजेच चाहत्यांचे ‘एज’, 2023 मध्ये 162 पैकी 112 सामने हरले, तेव्हा मॅनेजर मार्क कॉट्से यांच्या जागी दुसऱ्या कोणाला बसवले असते तरी निकाल फारसा वेगळा लागला नसता.

मालक वाईट आहे की नुसते दिवस वाईट आहेत, हे पगारावरच्या एकूण खर्चाकडे पाहून ठरवू नये. न्यूयॉर्क मेट्सने 2023 मध्ये तोवरच्या इतिहासातला सर्वाधिक पगारखर्च केला आणि 75 सामने जिंकून 87 गमावले. उलट टँपा बे रेज हा काटकसरीने चालणारा संघ 2008 आणि 2020 मध्ये वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम मालिकेपर्यंत, पोहोचला. पाहायचे ते असे, की संघात घडलेला खेळाडू महाग होऊ लागला म्हणजे त्याचे काय होते. लीगच्या नियमांनुसार खेळाडूला सर्वसाधारणपणे पहिली तीन वर्षे किमान वेतनाच्या आसपास पैसे मिळतात, पुढची तीन वर्षे लवादाच्या आधाराने वेतन वाढत जाते आणि सहा वर्षांची सेवा पूर्ण झाली की तो कोणत्याही संघाशी करार करण्यास मोकळा होतो. चांगले व्यवस्थापन ही मुदत संपण्याआधीच निवडक खेळाडूंशी दीर्घ करार करते, किंवा निदान एखाद्याला सोडताना उरलेला संघ जिंकण्याजोगा ठेवते. म्हणून गेल्या आठ-दहा वर्षांतले आपल्या संघाचे उत्तम खेळाडू एका कागदावर लिहून त्यांच्यापुढे ते आज कुठे खेळतात हे मांडावे. ओकलंडचा कागद फार बोलका आहे. 2018 ते 2020 अशी सलग तीन वर्षे प्लेऑफ (साखळीनंतरची बाद फेरी) गाठणाऱ्या या संघाने मार्च 2022 मध्ये मॅट ओल्सनला अटलांटाकडे आणि मॅट चॅपमनला टोरंटोकडे धाडले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात शॉन मर्फीलाही अटलांटाकडे दिले. एका खेळाडूची देवाणघेवाण हा डावपेच असू शकतो. सगळेच निघाले, म्हणजे दुकान आवरायला घेतले आहे असे समजावे.

पराभवांमुळे मालकाची झोप उडत असेल, ही समजूतही सोडून द्यावी. युरोपातल्या फुटबॉलप्रमाणे इथे तळाच्या संघाला खालच्या श्रेणीत ढकलले जात नाही. राष्ट्रीय प्रक्षेपणाचे पैसे तीसही संघांत वाटले जातात, आणि स्थानिक उत्पन्नाचा 48 टक्के भाग सामाईक गंगाजळीत जाऊन तिथून समान वाटला जात असल्याने कमी कमावणाऱ्या संघाला त्यातून फायदाच होतो. शिवाय संघाची किंमत गुणतक्त्यावर अवलंबून नसते. मालक जॉन फिशर आणि त्यांचे भागीदार लू वुल्फ यांनी 2005 मध्ये सुमारे 18 कोटी डॉलरना घेतलेल्या या संघाचे मूल्य ‘फोर्ब्स’ने 2023 मध्ये एक अब्जाहून अधिक धरले होते, आणि ते वर्ष 112 पराभवांचे होते.

आता कळीचा प्रश्न : तिकीट घेणे बंद करावे का? सहज सुचणारा उपाय हाच आहे, पण तो विचार न करता वापरल्यास उलटतो. रिकाम्या खुर्च्यांकडे पाहून कोणी मालकाच्या कंजूषपणाबद्दल बोलत नाही. ‘या शहराला संघाची किंमत नाही’ असे सांगून स्थलांतराची सबब तयार केली जाते. ओकलंडमध्ये 2023 मध्ये दर सामन्याला सरासरी जेमतेम दहा हजार प्रेक्षक आले, आणि हाच आकडा शहराविरुद्ध वापरला गेला. त्यावर तिथल्या चाहत्यांनी काढलेली तोड अभ्यासण्यासारखी आहे. एरवी ओस पडणारा मंगळवार निवडून, 13 जून 2023 रोजी, त्यांनी उलटा बहिष्कार पुकारला आणि 27,759 लोक संघाच्या कोलिझियम या मैदानात आले. ‘संघ विका’ एवढेच सांगणारा एक इंग्रजी शब्द छापलेले हिरवे टी-शर्ट वर्गणीतून तयार करून हजारोंनी फुकट वाटले गेले, त्यामुळे कॅमेरा कुठेही वळला तरी तोच शब्द दिसत होता. त्या रात्री संघाने रेजना 2-1 असे हरवलेही. असे काही करायचे असल्यास दिवस मुद्दाम कमी गर्दीचा निवडावा, मागणी एकाच शब्दात बसवावी, आणि खाण्यापिण्याचा खर्च शक्यतो मैदानाबाहेर करावा. तिकिटांचे पैसे मालकाच्या खिशात जातात, हा आक्षेप ओकलंडमध्येही होता. पण क्लबने त्या सामन्याचे आठ लाख डॉलरहून अधिक तिकीट-उत्पन्न स्थानिक संस्थांना देण्याचे जाहीर केले.

मात्र या गर्दीने संघ थांबला नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. त्याच मंगळवारी नेव्हाडाच्या सिनेटने लास वेगासमधल्या नव्या मैदानासाठी 38 कोटी डॉलरपर्यंत सार्वजनिक पैसा देणारे विधेयक संमत केले, दोन दिवसांत त्यावर गव्हर्नरांची सही झाली, आणि नोव्हेंबरमध्ये सर्व संघमालकांनी स्थलांतराला एकमताने मंजुरी दिली. लीगचे प्रमुख, म्हणजे कमिशनर, रॉब मॅनफ्रेड यांनी तर, एका रात्रीपुरती का होईना, जवळजवळ लीगच्या सरासरीइतकी गर्दी जमली, अशा अर्थाचा टोमणा मारला. यावरून एवढे ध्यानात घ्यावे की आपल्या बाजूने मतदान करणारे कोणीही मालकांच्या खोलीत नसते.

चाहत्याला खरे वजन मिळते ते मालक सरकारी पैसा मागायला येतो तेव्हा, कारण त्या क्षणी चाहता मतदारही असतो. मिसूरीतल्या जॅक्सन काउंटीने 2 एप्रिल 2024 रोजी रॉयल्स (बेसबॉल) आणि चीफ्स (अमेरिकन फुटबॉल) या दोन्ही संघांच्या मैदानांसाठीचा विक्रीकराचा प्रस्ताव मतपेटीतून फेटाळला, आणि चीफ्सनी तर दोनच महिन्यांपूर्वी सुपर बोल, म्हणजे त्या खेळाचा अंतिम सामना, जिंकला होता. म्हणून स्टेडियममधल्या घोषणांइतकाच वेळ काउंटीच्या सुनावण्यांना द्यावा. तिथे भावनेपेक्षा नेमके प्रश्न विचारावेत : बांधकामाचा खर्च वाढल्यास तो कोण सोसणार, भाडेकराराची मुदत किती वर्षांची आहे, आणि मुदतीपूर्वी संघ हलवल्यास दंड किती.

एवढे करूनही संघ गेलाच, तर त्याच्या मागे धावण्याची सक्ती स्वतःवर करू नये. एज 2025 पासून वेस्ट सॅक्रामेंटोच्या सुमारे चौदा हजार प्रेक्षकांच्या मैदानात तात्पुरते खेळू लागले आणि नावात कोणतेच शहर लावेनासे झाले. त्यांना हा आसरा देणारे, सॅक्रामेंटोच्या बास्केटबॉल संघाचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले आहेत. मराठी वाचकाला तेवढ्याने आपलेपणा वाटणे स्वाभाविक आहे, पण ओकलंडच्या चाहत्याशी बोलताना तो अभिमान जरा आवरता घेतलेला बरा.

ओकलंडमध्ये मात्र बॉलर्स नावाचा स्वतंत्र संघ उभा राहिला. पायोनियर लीग या छोट्या, मेजर लीगबाहेरच्या स्पर्धेत खेळणाऱ्या या संघाने 2024 मध्ये चाहत्यांना समभाग विकून दहा लाख डॉलरहून अधिक भांडवल उभारले, आणि 2025 मध्ये विजेतेपदही मिळवले. अशा संघाचा समभाग घ्यायचा असल्यास तो परताव्याच्या आशेने घेऊ नये. गेले तरी चालतील एवढेच पैसे घालावेत. सही करण्याआधी संचालक मंडळात चाहत्यांचा प्रतिनिधी असेल का, आणि संघ शहराबाहेर नेण्याचा निर्णय कोणाच्या मताने होईल, ही दोन कलमे शोधून वाचावीत.