जुन्या रेसिंग गाड्यांच्या मॉडचे परीक्षण कसे करावे

असेटो कोर्सा या संगणकावरील रेसिंग सिम्युलेटरमध्ये हौशी निर्मात्यांनी तयार केलेल्या गाड्या, म्हणजे मॉड, जोडता येतात, आणि त्यांत १९५० व १९६०च्या दशकांतील ग्रां प्री गाड्यांचा भरणा मोठा आहे. अशा मॉडवर लिहिलेली पुष्कळ परीक्षणे एकाच ठिकाणी अडखळतात. गाडी घसरते, हातात राहत नाही, प्रत्येक वळणावर गरकन फिरते, म्हणून ती अस्सल आहे, असा निष्कर्ष त्यांत काढलेला असतो. मला हा निष्कर्ष मुळातच चुकीचा वाटतो. जुन्या गाड्यांमध्ये जीव जाण्याचा धोका होता हे खरे. पण त्या बेभरवशाच्या होत्या असे त्यावरून ठरत नाही. जिम क्लार्कसारखा चालक दोन-दोन तास एका लयीत गाडी चालवत असे, आणि पूर्वसूचना न देता निसटणाऱ्या गाडीत ते कोणालाही शक्य झाले नसते. म्हणून गाडी किती अवघड आहे यापेक्षा, मूळ गाडीत अवघडपणा जेथे होता तेथेच तो मॉडमध्ये आहे का, हे परीक्षकाने तपासले पाहिजे. ही तपासणी कशी करावी ते येथे मुख्यतः लोटस ४९ या गाडीच्या आधाराने सांगतो, कारण तिच्याविषयी भरपूर माहिती छापलेली आहे आणि सिम्युलेटरमध्ये तिची अधिकृत आवृत्तीही असल्याने तुलनेची सोय होते.

गाडी चालवण्याआधी

मॉड नेमके कोणत्या गाडीचे, कोणत्या वर्षाचे आणि शक्य असल्यास कोणत्या शर्यतीचे आहे, हे सर्वांत आधी निश्चित करावे. लोटस ४९ पहिल्यांदा शर्यतीत उतरली ती ४ जून १९६७ रोजी झांडफोर्टच्या डच ग्रां प्रीमध्ये. ग्रॅहम हिलने तेथे पोल, म्हणजे आरंभरेषेवरील पहिली जागा, मिळवली आणि क्लार्कने शर्यत जिंकली. त्या वर्षीची गाडी हिरव्या रंगाची, पिवळ्या पट्ट्याची होती आणि तिला एकही विंग, म्हणजे हवेच्या जोराने गाडीला खाली दाबणारा पंख, नव्हती. १९६८च्या मोनॅको शर्यतीत आलेल्या ४९बी रूपात नाकावर छोटे पंख आणि मागे चढत गेलेली शेपटी दिसते, त्याच वर्षी संघाचा रंग लाल-पांढरा-सोनेरी झाला, पुढे खांबांवर उभारलेल्या उंच विंग आल्या आणि १९६९मध्ये त्यांवर बंदी आली. या सर्व रूपांना लोक सरसकट लोटस ४९च म्हणतात. त्यामुळे मॉडच्या नावात १९६७ असे लिहिलेले असताना रंग १९६८चा असेल, किंवा वायुगतिकीच्या फायलीत लक्षणीय डाउनफोर्स, म्हणजे हवेने गाडी खाली दाबली जाण्याचा जोर, दिलेला असेल, तर दोन वेगळ्या गाड्यांची सरमिसळ झाली आहे हे एकही फेरी न मारता सांगता येते.

यानंतर मॉडचा फोल्डर उघडावा. वजन, इंजिन, टायर, सस्पेन्शन, ब्रेक, ड्राइव्हट्रेन (इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेणारी यंत्रणा) आणि वायुगतिकी यांसाठी स्वतंत्र मजकूर-फायली असतात, आणि निर्मात्याने त्या खुल्या ठेवल्या असतील तर साध्या नोटपॅडमध्येही वाचता येतात. त्या बंदिस्त असल्यास कुलूप फोडण्याच्या भानगडीत न पडता ‘आकडे तपासता आले नाहीत’ एवढी नोंद परीक्षणात करावी.

आकडे वाचताना थोडे गणित उपयोगी पडते. लोटस ४९मधील फोर्ड-कॉसवर्थ डीएफव्ही हे तीन लिटरचे व्ही-८ इंजिन १९६७मध्ये मिनिटाला ९,००० फेऱ्यांच्या आसपास सुमारे ४०० अश्वशक्ती देत असे. ४०० अश्वशक्ती म्हणजे सुमारे २९८ किलोवॅट. किलोवॅटला ९,५४९ने गुणून फेऱ्यांच्या संख्येने भागले की टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, मिळतो, आणि येथे तो सुमारे ३१६ न्यूटन-मीटर येतो. इंजिनाच्या तक्त्यात ९,००० फेऱ्यांपुढे याच्या जवळचा आकडा हवा. गिअरबॉक्समध्ये वाया जाणारी शक्ती आधीच वजा करून काही निर्माते तक्ता भरतात, त्यामुळे आकडा थोडा कमी असल्यास लगेच दोष देऊ नये. तो बराच जास्त असेल तर मात्र कारण विचारावे. वजनाची तपासणी याहून सोपी आहे. १९६६पासूनच्या नियमांत चालक व इंधन सोडून किमान वजन ५०० किलो होते, आणि असेटो कोर्साच्या फायलीतील एकूण वजनात चालक धरलेला असतो पण इंधन धरलेले नसते. म्हणजे तेथे साधारण ५७५ किलोच्या आसपासचा आकडा अपेक्षित आहे. तेथे नेमके ५०० लिहिलेले आढळले तर निर्माता चालकाला विसरला आहे असे समजावे, आणि एवढ्या हलक्या गाडीत ७५ किलोंची चूक ही फार मोठी चूक असते.

टायरची फाइल मी सर्वांत जास्त वेळ वाचतो, कारण उसनवारी तेथेच सर्वाधिक होते. १९५७ची मासेराटी २५०एफ आणि १९६७ची लोटस या दोन्ही गाड्यांचे टायर सारखेच आहेत असे आढळले, तर एकाची फाइल उचलून दुसऱ्यात टाकलेली आहे हे उघड आहे. त्या दहा वर्षांत टायर किती रुंद झाले, हे कोणत्याही दोन छायाचित्रांवरून दिसते.

चाचणीची तयारी

प्रत्येक मॉडची चाचणी एकाच परिस्थितीत घ्यावी. ट्रॅकवरील ग्रिप पूर्ण, वारा बंद, तापमान ठरलेले, आणि ऑटो-क्लच, ऑटो-ब्लिप, ट्रॅक्शन कंट्रोल यांसारख्या सर्व मदती बंद असाव्यात. या गाड्या तीन पेडल आणि एच-आकाराच्या गिअर लिव्हरच्या आहेत. आपल्याकडे लिव्हर नसेल आणि स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलले असतील, तर ते वाचकाला स्पष्ट सांगावे. फोर्स फीडबॅकची, म्हणजे स्टिअरिंग व्हीलमधील मोटर हाताला देत असलेल्या जोराची, पातळी सर्व गाड्यांसाठी सारखी ठेवणे योग्य वाटले तरी एखाद्या मॉडमध्ये त्याचा गुणक फार चढा असतो आणि व्हीलमधील मोटर आपल्या कमाल जोरालाच अडकते, मग वळणातील बारीक फरक हाताला कळेनासे होतात. अशा वेळी पातळी खाली आणून पुन्हा चालवावे आणि तसे केल्याचे लिहावे. सिम्युलेटरला वरून जोडल्या जाणाऱ्या कस्टम शेडर्स पॅच या सुधारणेची कोणती आवृत्ती वापरली हेही नोंदवावे, कारण काही मॉडचे भौतिक वर्तनच त्यावर अवलंबून असते.

टायर आणि थ्रॉटल

१९६७चे टायर बायस-प्लाय होते, म्हणजे त्यांच्या आतील धाग्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेद देत बसवलेले असत. अशा टायरची भिंत जास्त लवते, त्याची पकड शिखरावर पोहोचायला चाकाला प्रवासाच्या दिशेशी मोठा कोन करावा लागतो, आणि शिखर ओलांडल्यावरही पकड हळूहळूच उतरते. त्या काळच्या छायाचित्रांत चारही चाके किंचित घसरत असताना गाडी वळणातून शांतपणे जाताना दिसते, ते यामुळेच. मॉडमधील टायर एका क्षणी घट्ट धरतो आणि पुढच्या क्षणी बर्फावर आल्यासारखा सुटतो, असे होत असेल, तर ते जुन्या टायरचे वर्तन नव्हे. ती आधुनिक टायरची फाइल आहे आणि तिची एकूण पकड फक्त खाली ओढलेली आहे.

हे तपासण्यासाठी शर्यतीचा ट्रॅक लागत नाही. मोठे सपाट मैदान असलेला ट्रॅक घ्यावा, तिसऱ्या गिअरमध्ये एका ठरावीक त्रिज्येचे वर्तुळ धरावे आणि वेग अगदी सावकाश वाढवत न्यावा. स्टिअरिंग कधी हलके होऊ लागते, टायरचा आवाज त्याच्या आधी येतो की नंतर, पुढचा भाग आधी बाहेर जाऊ लागतो की मागचा, या गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात. नंतर त्याच वर्तुळात थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटर, अर्धा सोडावा. नाक आत वळले पाहिजे, पण सावरायला वेळ मिळेल अशा गतीने. शेवटी थ्रॉटल वाढवून मागची चाके घसरवावीत आणि ती घसरण काही सेकंद एका कोनात धरून ठेवता येते का ते पाहावे. चांगल्या मॉडमध्ये थोड्या सरावानंतर ती धरता येते. सराव करूनही ती धरता येत नसेल, तर त्या मॉडला अस्सल म्हणण्याआधी पुन्हा टायरच्या फायलीकडे वळावे.

थ्रॉटलची गोष्ट वेगळी आहे. येथे लोटस ४९ खरोखरच अवघड होती. सुरुवातीच्या डीएफव्हीमध्ये सुमारे ६,५०० फेऱ्यांना शक्ती एकदम उसळून येत असे, चालकांनी त्याबद्दल तक्रार केली होती, आणि पेडलचा पहिला भाग सौम्य व्हावा म्हणून थ्रॉटलच्या जोडणीत नंतर बदल करण्यात आला. सिम्युलेटरमध्ये पेडल किती दाबले की थ्रॉटल किती उघडतो याचा स्वतंत्र तक्ता असतो. दुसऱ्या गिअरमध्ये, वळणातून बाहेर पडताना, ५,५०० फेऱ्यांपासून हळूहळू दाब वाढवावा आणि ती उसळी जाणवते का ते पाहावे. सगळ्या पट्ट्यात शक्ती लोण्यासारखी मऊ येत असेल, तर मॉड चालवायला सुखद असूनही १९६७च्या उन्हाळ्यातील गाडीशी प्रामाणिक नाही. उलट उसळी आहे आणि टायर तिला सावरून घेतो आहे, असे दिसले तर निर्मात्याने अभ्यास केला आहे हे मोकळेपणाने लिहावे.

इंधन, ब्रेक आणि फेरीची वेळ

भरलेल्या आणि जवळजवळ रिकाम्या टाकीने स्वतंत्र चाचणी घेणे फार थोडे लोक करतात, पण जुन्या गाड्यांत तिच्यातून पुष्कळ काही कळते. शर्यतीच्या आरंभी लोटसमध्ये शंभर किलोहून अधिक इंधन असे, मात्र टाक्या चालकाच्या दोन्ही बाजूंना व पाठीमागे, गाडीच्या मध्याजवळ असल्याने तोल फारसा बदलत नसे. मासेराटी २५०एफची टाकी थेट शेपटीत होती, त्यामुळे ती भरलेली असताना मागचा भाग जड, आळशी वाटला पाहिजे आणि शर्यत सरकेल तसा गाडीचा स्वभाव पालटला पाहिजे. पालटला नाही, तर टाकीची जागा फायलीत चुकीची दिली आहे का ते पाहावे. ब्रेकबाबत एवढेच लक्षात ठेवावे की २५०एफला ड्रम आणि लोटसला डिस्क होते. दोन्ही मॉड सारख्याच अंतरात थांबत असतील तर शंका घ्यावी.

फेरीच्या वेळेवरून निकाल देण्याची घाई मात्र करू नये. १९६७च्या मोन्झामध्ये क्लार्कची पोलची वेळ १ मिनिट २८.५ सेकंद होती, ५.७५ किलोमीटरच्या त्या ट्रॅकवर ती ताशी २३३ किलोमीटरहून अधिक सरासरी भरते. तेव्हा तेथे शिकेन, म्हणजे वेग कमी करायला लावणारी नागमोडी वळणे, नव्हत्या, म्हणून आजच्या मोन्झावरील वेळेशी तुलना करणे निरर्थक आहे. १९६६च्या रूपातील मोन्झा सिम्युलेटरमध्ये अधिकृतपणे मिळते, त्यातील बँकिंग, म्हणजे बाहेरच्या बाजूला उंच केलेला तिरपा रस्ता, वगळलेला मार्ग निवडावा. तेथेही घरातील चालक हवी तितकी वेळ सराव करतो आणि त्याला झाडांची भीती नसते, त्यामुळे तो क्लार्कपेक्षा किंचित वेगवान ठरला तर तो मॉडचा दोष नव्हे. सरळ रस्त्यावरील वेग जुळतो पण वळणांतील वेग फार जास्त आहे, किंवा याच्या उलट, अशी विसंगती शोधणे अधिक फलदायी असते. १९९८ साली पपायरसने याच हंगामावर काढलेल्या ग्रां प्री लेजेंड्समुळे अनेकांच्या मनात या गाड्यांची एक पक्की प्रतिमा आहे. त्या सिम्युलेटरविषयी मला आदर आहे, पण एका सिम्युलेटरची साक्ष दुसऱ्यासाठी पुरावा म्हणून काढू नये. हेच अधिकृत लोटस ४९लाही लागू आहे. ती तुलनेला चांगली असली तरी तोही एका चमूने लावलेला अर्थच आहे.

आवाज, रूप आणि मालकी

आवाज ऐकताना इंजिनाची रचना लक्षात ठेवावी. डीएफव्हीचा सपाट क्रँकचा व्ही-८, फेरारी ३१२चा व्ही-१२ आणि बीआरएम पी८३चा एच-१६ हे एकमेकांसारखे ऐकू येणे शक्य नाही. तरीही एकच ध्वनिफाइल तीन गाड्यांत वापरलेली आढळते. रूपात डोळ्यांत भरणाऱ्या चकाकीपेक्षा जोडणी पाहावी: लोटसचा ॲल्युमिनियमचा सांगाडा चालकाच्या पाठीमागे संपतो, इंजिन तेथे थेट बोल्टने जोडलेले असते आणि मागचे सस्पेन्शन इंजिन व गिअरबॉक्सच्याच आधारावर उभे असते. मॉडमध्ये इंजिनाखालून एखादी चौकट जाताना दिसली, तर निर्मात्याला या गाडीचे मर्मच कळलेले नाही. संगणक चालवत असलेल्या गाड्यांसोबत एक छोटी शर्यत खेळून पाहावी. त्या गिअर उशिरा बदलत असतील किंवा एकाच वळणात बाहेर जात असतील, तर तेही नोंदवावे.

मॉडचे मूळ कोठले आहे हे विचारल्याशिवाय परीक्षण पूर्ण होत नाही. दुसऱ्या खेळातून उचललेले त्रिमिती रूप स्वतःचे म्हणून देणारे, आणि वर त्याचे पैसे घेणारेही लोक आहेत. सोबतच्या माहितीपत्रात रूप, आवाज आणि भौतिक आकडे यांचे श्रेय कोणाला दिले आहे ते वाचावे. श्रेय संदिग्ध असेल तर गाडी कितीही चांगली चालली तरी तिची शिफारस करू नये, कारण महिनोन्‌महिने रात्री जागून गाडी घडवणाऱ्या प्रामाणिक निर्मात्यावर त्यातून अन्याय होतो.

लिहिताना गुण दहापैकी देण्यापेक्षा कोणती गोष्ट फायलीत पाहिली, कोणती चालवून जाणवली आणि कोणती केवळ आपली आवड आहे, हे वाक्यावाक्यांतून वेगळे ठेवावे. ‘मागचा भाग सैल वाटतो’ हे जाणवणे आहे, ‘डिफरन्शियलचा (मागच्या दोन चाकांत शक्ती वाटणाऱ्या भागाचा) लॉक शून्य दिला आहे’ हे पाहिलेले आहे, आणि दुसऱ्याने पहिल्याचे कारण कळते. मॉडचा आवृत्ती-क्रमांक परीक्षणाच्या पहिल्याच ओळीत द्यावा. निर्मात्याने नवी आवृत्ती काढल्यावर वर्तुळाची, थ्रॉटलची आणि टाकीची चाचणी पुन्हा घेऊन जुन्या मजकुराखाली नवी नोंद जोडावी, आणि जो दोष दुरुस्त झाला असेल तो खोडून न टाकता ‘या आवृत्तीत सुधारला’ असे लिहावे.