ज्यू कायद्याचे जुने ग्रंथ वाचायचेत? आधी एकच विषय धरा

आपल्याकडची लॉची पोरं ज्यू कायदा वाचायलेत हे बघून लई बरं वाटतं, पण बरेच जण थेट शुल्हान आरुख (ज्यू कायद्याची सोळाव्या शतकातली संहिता) उघडतात अन् तिथंच अडकतात, कारण त्यात नुसता निकाल असतो, तो आला कुठून ते दिसत नाही. त्यापेक्षा एक छोटा विषय घ्या अन् जुन्याकडून नव्याकडं चला. सापडलेली वस्तू हा विषय घ्या, एकदम सोपा.

सुरुवात मिश्नापासून, म्हणजे ज्यूंच्या तोंडी कायद्याचा जुना संग्रह, साधारण इ.स. 200. त्यातल्या बावा मेत्सिया या प्रकरणाचा दुसरा अध्याय काढा. विखुरलेली नाणी सापडली तर ज्याला सापडली त्याची, पण पैसे पिशवीत असले किंवा तीन नाणी एकावर एक रचलेली असली तर पुकारा करून मालक शोधायचा. रचलेल्या नाण्यांची खूण मालक सांगू शकतो, विखुरलेल्यांची काय सांगणार? तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेच्या मोठ्या ग्रंथात, यावर पानंच्या पानं वाद आहे, की मालकाला हरवल्याचा पत्ताच नसेल तर त्यानं आशा सोडली (म्हणजे वस्तू सापडणाऱ्याची झाली) असं धरायचं का. तिथल्या पंडितांपैकी आबाये म्हणतो नाही, रावा म्हणतो हो, अन् निकाल आबायेच्या बाजूनं लागला. हे सावकाश वाचा, घाई नको, पुढचं सगळं यावरच उभं आहे.

मग इसहाक अल्फासी (1013–1103) या पंडिताचा ग्रंथ. क्रम तालमूदचाच, फक्त चर्चा छाटून निकाल ठेवलाय.

आता मैमोनिदेसचा मिश्ने तोरा, 1180 च्या आसपास इजिप्तमध्ये पूर्ण झालेला. यानं तालमूदचा क्रमच मोडला, विषयवार 14 पुस्तकं केली, बहुतेक ठिकाणी कोण काय म्हणालं तेही काढून टाकलं. सापडलेली वस्तू इथं अकराव्या पुस्तकात, लुबाडणुकीच्या कायद्याला जोडून. मांडणी सुंदर आहे पण आधार दिले नाहीत म्हणून टीकाही झाली, अन् मला ती टीका पटते.

चौदाव्या शतकात टोलेडोत याकोव बेन आशेरनं तूर हा कायदेग्रंथ लिहिला, चारच भाग, जेरुसलेमचं मंदिर नसताना जे लागू आहे तेवढंच, अन् मतभेद नावानिशी. आपल्या देवगिरीच्या हेमाद्रीनं तेराव्या शतकात चतुर्वर्गचिंतामणी व्रत, दान, तीर्थ अशी खंडवार रचली, तसलंच हे काम, सगळीकडं पसरलेलं गोळा करून कप्प्यात घालायचं.

तूरच्या होशेन मिश्पात भागात कलम 259 पासून आपला विषय सुरू होतो. हा नंबर लिहून ठेवा, कारण योसेफ कारोनं आधी तूरवरच 20 वर्षं खपून टीका लिहिली अन् मग त्याच नंबरांवर शुल्हान आरुख केला, 1565 ला व्हेनिसमध्ये छापला. अल्फासी, मैमोनिदेस अन् आशेर (तूरवाल्याचे वडील), तिघांपैकी दोघं एका बाजूला असले की साधारण तोच निकाल. क्राकोच्या मोशे इसर्लेसच्या टिपा सोडू नका, पोलंड-जर्मनीकडची रीत वेगळी होती ती तिथंच कळते.

हे जमलं की हनुक्का या ज्यू सणाचे दिवे घ्या. तालमूदमध्ये ते शब्बातच्या (आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या) प्रकरणात सापडतील, तूरमध्ये पहिल्या भागात 670 पासून.