तिहुआनात झकास मेक्सिकन जेवायला जाताय? या चुका टाळा

सॅन डिएगोत राहणाऱ्या, किंवा मुलांकडे चार-सहा महिने आलेल्या मराठी मंडळींच्या यादीत सीमेपलीकडचं मेक्सिकोतलं तिहुआना शहर असतंच. ट्रॉलीच्या, म्हणजे तिथल्या ट्रामच्या, ब्लू लाइनने सीमेवरच्या सॅन इसिद्रोला उतरायचं, चालत सीमा ओलांडायची आणि पलीकडून टॅक्सीने सोना रिओ हा भाग नाहीतर अव्हेनिदा रेव्होलुसिओन हा रस्ता गाठायचा. अंतर इतकं कमी, की आपण सॅन डिएगोच्याच एखाद्या उपनगरात चाललोय असं वाटतं. बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात.

पहिला घोळ कागदपत्रांचा. खिशात ड्रायव्हिंग लायसन्स टाकून निघू नका, भारतीय पासपोर्ट हवाच. अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पण एच-१बीची मुदत वाढलीय आणि पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का मात्र संपलाय, अशी स्थिती असेल तर ही सवलत धरून चालू नका. विद्यार्थ्यांनी आय-२० वर (कॉलेजकडून मिळणारा प्रवेशाचा कागद) प्रवासाची सही आहे ना, हे बघून घ्यावं. गाडी नेणार असाल तर अमेरिकेतला विमा पलीकडे सहसा चालत नाही, मेक्सिकोचा वेगळा घ्यावा लागतो. एका जेवणासाठी एवढा खटाटोप कशाला? चालत जा.

नाचोज शोधत बसू नका

अमेरिकेत मेक्सिकन म्हणून जे मिळतं ते डोक्यात ठेवून गेलात तर मेन्यू हातात आल्यावर बुचकळ्यात पडाल. वितळलेल्या पिवळ्या चीजचा डोंगर, चिमिचांगा, फुकटचे चिप्स यातलं फारसं काही दिसणार नाही. तिहुआना ज्या राज्यात आहे त्या बाहा कॅलिफोर्नियाचं आजचं खाणं समुद्रावर, एन्सेनादाच्या मासळीवर आणि ग्वादालुपे खोऱ्यातल्या वाइनवर उभं आहे. २०२४ साली उत्तम हॉटेलांना तारे देणाऱ्या मिशेलिनची मेक्सिकोसाठीची पहिली मार्गदर्शिका निघाली, त्यात हे राज्यही होतं. तेव्हा स्वस्तातलं गावठी खाणं मिळेल अशा समजुतीने जाऊ नका आणि चपला-शॉर्ट्सवरही जाऊ नका. रात्रीच्या जेवणाला तिथली माणसं नीटनेटकी येतात.

एक पदार्थ मात्र सगळ्यांच्या ओळखीचा निघतो. सीझर सॅलडचा जन्म याच शहरातला. १९२४ मध्ये सीझर कार्दिनी या इटालियन हॉटेलवाल्याने ते केलं अशी प्रसिद्ध कथा आहे, आणि रेव्होलुसिओनवरच्या ‘सीझर्स’मध्ये आजही ते टेबलाशेजारी ट्रॉली आणून करतात. मोठ्या लाकडी वाडग्यात लसूण आणि अँचोव्ही मासळी चेचायची, त्यात मोहरीची पेस्ट, अंड्याचा कच्चा बलक, लिंबू आणि धार धरून तेल. रोमेन लेट्यूसची पानं चिरायची नाहीत, अख्खीच त्यात घोळवायची. बघायला फार सुरेख, आणि शाकाहारी माणसाला फसवायला तितकंच सोयीचं. ‘सॅलडच तर आहे’ म्हणून आईसाठी मागवलेल्या ताटलीत मासळीही असते आणि अंडंही.

‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही

सगळ्यात जास्त मनस्ताप इथेच होतो. ‘सिन कार्ने’ म्हटलं की बरेच वेटर लाल मांस वगळतात आणि मनापासून चिकन सुचवतात. त्यांची काही चूक नाही, प्रश्नच नीट विचारलेला नसतो. पदार्थात मांसाचे तुकडे आहेत का, हे विचारून उपयोग नाही. चरबी कुठली आणि पाणी कशाचं, हे विचारा. मऊसूत घोटलेल्या बीन्समध्ये डुकराची चरबी असते, तिला तिथे मांतेका म्हणतात. उत्तर मेक्सिकोतल्या मैद्याच्या तोर्तियांतही, म्हणजे तिथल्या पोळ्यांतही, ती अनेकदा असते. लाल भात बऱ्याचदा चिकनच्या पाण्यात शिजवतात, मोलेचा रस्साही तसाच. म्हणून तीन गोष्टी कागदावर लिहूनच न्या: सिन कार्ने नि पोयो नि पेस्कादो (मांस, चिकन, मासे नकोत), सिन मांतेका (चरबी नको), सिन काल्दो दे पोयो (चिकनचं पाणी नको). अंडं चालत नसेल तर सिन उएव्हो. चिले रेयेनोत, म्हणजे भरल्या मिरचीत, आत नुसतं चीज असलं तरी वरचं आवरण बहुतेक वेळा फेटलेल्या अंड्याचं असतं.

मक्याची तोर्तिया सहसा निर्धोक. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळलेला, बाकी काही नाही.

मेझकाल ही अगावेची (घायपातीची) दारू मागवलीत तर सोबत संत्र्याच्या फोडी येतात, त्यांवर तांबूस मीठ भुरभुरलेलं असतं. बरेचदा ते साल दे गुसानो निघतं, म्हणजे अगावेच्या झाडावरच्या अळ्या वाळवून मिरची-मिठासोबत कुटलेली पूड. बिनधास्त चाटून मग विचारण्यापेक्षा आधी विचारा. आणि मेझकाल घोटाघोटाने प्यायची असते, एका दमात रिकामी करायची नसते.

या सगळ्यात शाकाहारी माणूस उपाशी राहतो असं मात्र नाही. भोपळ्याची फुलं (फ्लोर दे कालाबासा), निवडुंगाचे तुकडे म्हणजे नोपालेस, मक्याच्या कणसावर वाढणारी काळी बुरशी उइतलाकोचे. दिसायला नको वाटते, पण मेन्यूवर दिसली तर सोडू नका, माझ्या मते मेक्सिकोतलं सर्वोत्तम शाकाहारी खाणं तेच. व्हेर्दोलागास म्हणजे आपली घोळ, पण ती बहुधा डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात, तेव्हा तिथेही वरचा कागद दाखवा.

तिखटाचं थोडक्यात. ‘आम्ही कोल्हापूरचे’ हा बाणा टेबलावर काढू नका. हिरवा साल्सा लाल साल्सापेक्षा सौम्य असेलच असं नाही. आग्वाचिलेत कोळंबी कच्ची असते, लिंबात बुडवलेली. पोट नाजूक असेल तर राहू द्या.

बिलाच्या वेळी

मेन्यूवर $४८० वाचून दचकू नका. पेसोलाही तेच चिन्ह आहे. अलीकडच्या वर्षांत डॉलरला साधारण १७ ते २० पेसो मिळत आलेत, म्हणजे ती थाळी २४ ते २८ डॉलरची. छापलेल्या किमतीत कर धरलेला असतो, अमेरिकेसारखा वरून लावायचा नसतो.

तुम्ही मागितल्याशिवाय बिल येणार नाही. रिकाम्या ताटल्यांसमोर अर्धा तास बसून ‘काय ही सर्व्हिस’ म्हणणारे आपलेच लोक असतात. तिथे न मागता बिल आणून ठेवणं म्हणजे पाहुण्याला उठवणं. ‘ला क्वेंता, पोर फावोर’ म्हणा.

वेटर कार्डाचं मशीन टेबलावर आणतो आणि कार्ड लावण्याआधीच टिप किती, ते विचारतो. नंतर पावतीवर लिहायची सोय बहुधा नसते, म्हणून आकडा आधीच ठरवून ठेवा. चांगल्या जागी १५ टक्के ठीक, पण बिलात ‘सेर्व्हिसिओ’ म्हणजे सेवाशुल्क आधीच लावलंय का ते बघा. मशीनने डॉलर की पेसो असं विचारलं तर पेसो निवडा. डॉलर निवडलात की मशीनवाल्यांचा दर लागतो आणि तो जवळजवळ नेहमी महागात पडतो. डॉलरच्या नोटा घेतात बहुतेक ठिकाणी, पण दर त्यांच्या मर्जीचा.

वेळ आणि परतीची रांग

संध्याकाळी ६ ला गेलात तर हॉल ओस पडलेला दिसेल. तिथलं मोठं जेवण दुपारी २ ते ५, आणि रात्रीची वर्दळ ८ नंतर. रविवारी दुपारी कुटुंबंच्या कुटुंबं येतात, तेव्हा टेबल आधी ठरवून ठेवा. खरं तर रविवार टाळाच, कारण त्या संध्याकाळी सॅन इसिद्रोची रांग तासन्‌तास हलत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारचं जेवण उत्तम. रांगेचा अंदाज अमेरिकी सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर आणि अ‍ॅपवर दिसतो, गोड खाता खाता तो बघून घ्या.

उरलेलं बांधून घेताना मांसाचे पदार्थ आणि फळं वगळा. तरी काही राहिलंच सोबत, तर अधिकाऱ्याला आपणहून सांगा, ते फार तर काढून घेतील. लपवलंत तर दंड होतो. ग्वादालुपेची वाइन आणायची असेल तर २१ वर्षांवरच्या माणशी १ लिटर, म्हणजे ७५० मिलिलिटरची एकच बाटली.