गावचा इतिहास लिहिताय? शब्दांच्या या चुका टाळा

यात्रा आली की गावोगाव स्मरणिका निघते आणि पहिलं पान ठरलेलं असतं : 'आमच्या गावचा इतिहास'. अशी बरीच हस्तलिखितं माझ्याकडे तपासायला येतात. ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला वेळ लागत नाही. अडतं ते वडाची साल पिंपळाला लावलेली असते तिथं.

सगळ्यात जास्त मार खाते भाकडकथा. 'लोणारला लवणासुराची भाकडकथा प्रसिद्ध आहे,' असं एकानं भक्तिभावानं लिहिलं होतं. भाकड गाय दूध देत नाही हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागू नये. भाकडकथा म्हणजे जिच्यातून काही हाती लागत नाही ती. विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं दैत्याच्या बिळाचं झाकण उडवलं, ही कथा तशी नाही. ती जागा पवित्र का मानतात ते ती सांगते, म्हणून ती स्थलपुराण. काळ्या बेसॉल्टवर अशनी आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर पडलं, हे भूविज्ञान. दोन्ही एका पानावर सुखानं नांदतात. एका वाक्यात मात्र कोंबू नका. 'शास्त्रज्ञांनीही याला दुजोरा दिला' हे वाक्य दिसलं की माझी लाल पेन्सिल आपोआप उठते.

दुसरी चूक, 'इतिहास सांगतो की' अशी सुरुवात. मी विचारतो, कोणता इतिहास?
"आज्यानं सांगतलं."
"आज्याले कोणं?"
"आता बाप्पा, त्याच्या आज्यानं!"

याला जुना, नेमका शब्द आहे : ऐतिह्य. मूळ सांगणारा माहीत नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं बोलणं. न्यायशास्त्रातलं (कायद्याचं नव्हे, तर्काचं जुनं शास्त्र) त्याचं उदाहरण तर थेट आपल्या पारावरचंच वाटतं : 'या वडावर यक्ष राहतो.' आपल्याकडे मुंजा राहतो, एवढाच फरक. नैयायिक, म्हणजे हे शास्त्र मानणारे, ऐतिह्याला वेगळं प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं वेगळं साधन, मानत नाहीत; शब्दप्रमाणातच, म्हणजे विश्वासू माणसाच्या बोलण्यातच धरतात. तेव्हा 'इतिहास सांगतो' खोडा, 'जुनी माणसं सांगतात' लिहा. लाज कसली त्यात?

विदर्भ या नावाचंही तसंच. ऋषिपुत्राला दर्भ टोचला, ऋषीनं शाप दिला, दर्भ उगवेनासा झाला, म्हणून वि-दर्भ! गोष्ट छान आहे, जरूर छापा. पण तिला व्युत्पत्ती म्हणू नका, लोकव्युत्पत्ती म्हणा, म्हणजे लोकांनी नावावरून रचलेली फोड.

काळ्या दगडाचं प्रत्येक देऊळ हेमाडपंती नसतं. हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, तेराव्या शतकातला, यादवांचा मंत्री. त्याच्या जन्माआधीची देवळंही लोक त्याच्या खात्यावर टाकतात.

माहात्म्याच्या शेवटी 'ऐकणाऱ्याची सात जन्मांची पापं जातील' असं असतं. ती थाप नव्हे, हिशेबही नव्हे. वेदवाक्यांचा अर्थ लावणारे मीमांसक त्याला अर्थवाद म्हणतात : माणसानं ते काम करावं म्हणून केलेली स्तुती.

स्मरणिका छापून आली की भांडण होतंच. त्याला सरसकट वितंडवाद म्हणू नका. स्वतःची बाजू न मांडता फक्त दुसऱ्याची खोडणं, ती वितंडा. आणि 'नवकंबल', म्हणजे नवी घोंगडी पांघरलेला, असं कोणी म्हटल्यावर 'नऊ कुठं, एकच तर दिसते' असा शब्द पकडून बसणं, तो छल. आमच्या पारावर हे दुसरं फार चालतं.